उरलेल्या ओळी वाचणाऱ्या ताई

"हे कोनं लिवलं?"

संगणकावर काहीही बिघडलं की ताईंचा पहिला प्रश्न हाच. काय बिघडलं, कशानं बिघडलं, ते सगळं मागून. आधी लिहिणाऱ्याचं नाव सांगा. मग त्या खुर्ची पुढं ओढायच्या, डावा डोळा मिटायच्या, लग्नपत्रिकेचा कापून ठेवलेला एक जाड तुकडा पडद्यावर उभा धरायच्या आणि तो एकेका अक्षरानं उजवीकडं सरकवायच्या. जे अक्षर बाहेर येईल ते मोठ्यानं वाचायच्या. "टिंब. तिरकी रेघ. मग सु, मग ल. मग लाट." लाट म्हणजे ते नागमोडी चिन्ह, ज्याचं खरं नाव मलाही पुण्याला गेल्यावर कळलं होतं. त्यांच्या शेजारी बसून दुसरं काम करणं अवघड होतं. आमचे साहेब म्हणायचे, चला, शाळा भरली.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं काम दिसायच्या आधी ऐकू येतं. आमच्या तीन माणसांच्या ऑफिसात ते काम ताईंकडं होतं. ऑफिस बुलढाण्यात, बसस्टँडपासून चार पावलांवर, सायकलच्या दुकानाच्या वर. साहेब, ताई आणि मी. लोकांची संकेतस्थळं बनवायची, जुन्या नोंदी नव्या जागी हलवायच्या, बिघडलेलं दुरुस्त करून द्यायचं, असं आमचं चाले.

मी पुण्यात चार वर्षं नोकरी करून परत आलो होतो. बोली पुण्याहून आणली आणि अक्कल तिथंच विसरून आला, असं ताईंचं माझ्याबद्दल मत होतं आणि ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगून टाकलं. मी फोनवर "मला जरा सांगाल का" असं म्हटलं की त्या पलीकडच्या टेबलावरून "मले, मले" अशी दुरुस्ती करायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं काटकुळ्या, आणि आवाज असा की खालचा सायकलवाला वरच्या गप्पांना खालून उत्तर द्यायचा. बुलढाण्याची हवा थंड म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंत अंगात एकच जांभळा स्वेटर. फोन उचलला की आधी "जय भीम", समोर कोणीही असो. समोरचा राम राम म्हणाला, सलाम म्हणाला, तरी त्यांना सारखाच आनंद व्हायचा.

आमच्याकडं यायच्या आधी वीसेक वर्षं त्या कोर्टासमोर कडुनिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसत. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीचे कागद. टाइप झालेला कागद ज्याचा त्याला वाचून दाखवल्याशिवाय त्या सही करू देत नसत. वकील घाईत असत, चिडत. ताई म्हणायच्या, "ज्याचं नाव आहे त्याले तं कळू द्या, त्याच्या नावानं काय लिवलं ते." पुढं टाइपरायटरं गेली, कडुनिंब राहिला, आणि ताई आमच्याकडं टायपिंगच्या कामाला आल्या. साहेबांनी परीक्षा म्हणून एक पान टाइप करायला दिलं. ताईंनी ते टाइप करून दिलंच, वर साहेबांच्या मूळ पानावर तीन चुका पेन्सिलीनं गोल करून दिल्या. साहेबांनी तिन्ही गोल पुन्हा तपासले. मग म्हणाले, उद्यापासून या.

आता आमच्या कामाचं थोडं सांगतो, घाबरू नका. संगणकाला हजार ओळींतून नेमकं हवं तेवढं उचलायला लावायचं तर एक साचा लिहून द्यावा लागतो. त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. आम्ही पॅटर्न म्हणायचो, ताई चाळणी म्हणायच्या. चाळणीतून काय खाली पडेल आणि काय वर राहील ते चिन्हांनी ठरवायचं. ताई दोन महिने माझ्या मागं उभ्या राहून बघत होत्या, आणि एक दिवस त्यांनी मला आपली दोनशे पानी वही दाखवली. त्यात एकेका चिन्हाला त्यांनी आपलं नाव दिलं होतं. उलट्या तिरक्या रेघेचं नाव "गप", कारण ती लावली की पुढच्या चिन्हाचा शहाणपणा बंद होतो. अधिकच्या चिन्हाचं नाव "खादाड". ते ज्या चिन्हाच्या मागं बसतं, ते चिन्ह एकदा येवो की चारदा, सगळं एकाच घासात गिळतं. मी पुण्यात सहा महिन्यांचा वर्ग लावून हे शिकलो होतो. ताईंची वही वाचून मला ते समजलं.

त्या वर्षी एका नेत्र-संस्थेचं काम आमच्याकडं आलं. ही संस्था जिल्ह्यात गावोगाव मोतीबिंदूची शिबिरं घ्यायची. बाहेरून डॉक्टर वर्षातून एकदा येत, आठवडाभर ऑपरेशनं करत आणि जात. एका वर्षी एक डोळा व्हायचा, दुसऱ्या वर्षी दुसरा. आता दुसऱ्या डोळ्यांची पाळी होती आणि कोणाचा कोणता डोळा राहिलाय याची एकत्र यादी संस्थेकडं नव्हती. स्वयंसेवकांनी तपासणीच्या कागदाचे फोटो काढून संकेतस्थळावर चढवले होते आणि सगळी माहिती त्या फोटोच्या लिंकमध्येच कोंबली होती. आधी गाव, मग नाव, मग फोन, मग राहिलेला डोळा. आम्ही त्या लिंका फोडायच्या, यादी करायची, आणि यादीवरून संस्था लोकांना फोन करून बोलावणार. फोन आला तर डोळा होणार. नाही आला तर पुढचं वर्ष.

आता लिंकमधले तुकडे तिरक्या रेघेनं वेगळे करायचे हा जगाचा रिवाज. आमच्या स्वयंसेवकांनी तो पाळला नव्हता. देऊळगाव राजाकडच्या मुलानं अर्धविराम टाकला होता. लोणारकडच्यानं लाट. एकीनं विसर्गासारखी टिंबांची जोडी, तीही दर वेळी दोनदा. आणि एक मास्तर होते, त्यांनी मराठी कळफलकावरचा उभा दंड, पोथीत ओळ संपल्यावर असतो तो, टाकला होता. तो इंग्रजीतल्या उभ्या रेघेसारखाच दिसतो. मी अर्धा दिवस त्या उभ्या रेघेसाठी पॅटर्न लिहीत बसलो होतो आणि एकही ओळ सापडत नव्हती. ताईंनी पत्रिकेचा तुकडा सरकवला, वाचलं, आणि म्हणाल्या, "हे कोनं लिवलं? हा तं मराठीचा मास्तर आहे. हे वाक्य संपवून राह्यला रे बापू, रेघ नाही मारून राह्यला."

त्याच मास्तरांच्या ओळींत पुढं आणखी एक गंमत निघाली. आपल्याकडं एकाच नावाची दोन गावं असली की एक बुद्रुक, एक खुर्द. जुनी माणसं ते थोडक्यात लिहिताना बु किंवा खु लिहून पुढं दोन दंड देतात. मास्तरांनी ते दोन दिले आणि लगेच आपला तिसरा दिला. संगणकाला वाटलं, मध्ये दोन कप्पे रिकामे आहेत. ताई हसल्या. "दोन गावाचे, एक मास्तरचा. गावाचे गावाले देऊन टाक." त्यांनी दुपारी मास्तरांना फोन लावला, जय भीम घातला, अक्षर फार सुंदर आहे म्हणून सांगितलं. टाइप केलेलं अक्षर कसं सुंदर असेल, असं मी विचारलं. "मानूस खुश झाला न? तुहं काय गेलं?"

ताईंची पद्धत हळू होती. प्रत्येक लिहिणारा वेगळा काढायचा, त्याची खोड ओळखायची, त्याच्यापुरती चाळणी करायची. आणि चाळणीत न बसलेल्या ओळी एका वेगळ्या फाइलीत जायच्या. मी तिला चुका असं नाव दिलं होतं. ताईंनी ते खोडून "उरलेले" असं केलं. संध्याकाळी घरी जायच्या आधी ती फाइल उघडून त्या एकेक ओळ वाचायच्या. कधी दहा असत, कधी साठ. मी हेल्मेट हातात घेऊन जिन्यात उभा असायचो आणि आतून आवाज यायचा, "देऊळगाव. अर्धविराम. गयाबाई." एखाद्या शिक्षिकेनं हजेरी घ्यावी तशा वाचायच्या. मला भूक लागलेली असायची आणि मनात मी म्हणायचो, पुरे आता.

मग त्यांच्या भाचीचं लग्न निघालं आणि त्या चार दिवस सुटीवर गेल्या. जाताना म्हणाल्या, "मी येईपर्यंत उरलेले वाचत राहजो."

मी वाचले नाहीत. मला यादी संपवायची होती आणि मला वाटत होतं की चार लिहिणाऱ्यांसाठी चार चाळण्या हा म्हातारपणाचा उद्योग आहे. मी एकच पॅटर्न लिहिला. लाट असो, अर्धविराम असो, टिंबं असोत की दंड, यांतलं काहीही तुकडे पाडणारं चिन्ह समज. टिंबांच्या त्या दोन-दोन जोड्या आणि मास्तरांचे तीन दंड एकदम निकालात निघावेत म्हणून पुढं अधिकचं चिन्ह लावलं, म्हणजे लागोपाठ कितीही आले तरी ते एकच धर. कोणीतरी चाचणीसाठी टाकलेल्या मोडक्या ओळी होत्या, त्यांची कटकट नको म्हणून सांगितलं की चारापेक्षा कमी तुकडे निघाले तर ओळ सोडून दे. आणि उरलेल्यांची फाइल बंद केली. सगळं सर्रकन चाललं. मी यादी संस्थेला पाठवली, साहेबांनी पाठ थोपटली, आणि मी सायकलवाल्याकडून वर चहा मागवला.

पाचव्या दिवशी ताई आल्या, हातावर मेंदी आणि डब्यात लग्नातली बुंदी घेऊन.

"यादी गेली?"

"परवाच गेली."

"अन् उरलेले?"

"एकही नाही," मी म्हणालो. हे सांगताना मी खुर्चीत जरा मागं रेललो होतो, ते मला चांगलं आठवतं.

त्यांनी यादी छापून मागितली. जेवताना वाचली, जेवण झाल्यावर वाचली. तीनच्या सुमारास मला हाक मारली. "बापू, अथी ये. ह्या यादीत बिनाफोनचं एकही मानूस नाही."

"मग चांगलंच झालं की. सगळ्यांना कळवता येईल."

"आपल्या जिल्ह्यात?" ताई म्हणाल्या. "सगळे म्हातारे-कोतारे, डोयानं दिसत नाही, अन् सगळ्याइपाशी फोन? माह्या सख्ख्या बहिनीपाशी नाही फोन."

मी काहीतरी बोलायला गेलो आणि बोलता बोलताच मला कळलं. ताईंनी मूळ लिंका उघडल्या, पत्रिकेचा तुकडा लावला आणि सरकवायला सुरुवात केली. "सुलतानपूर. लाट. कौतिकाबाई. लाट. लाट. उजवा." तुकडा तिथंच ठेवून त्या माझ्याकडं वळल्या. "दोन लाटाइच्या मधात काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तिच्यापाशी फोन नाही, हे आहे न मधात. तिनं सांगलं, त्या पोरानं जागा सोडली. तुह्या खादाडानं गिळली."

दोन लाटांची एक झाली होती. चाराचे तीन तुकडे झाले होते. आणि तीन तुकड्यांची ओळ सोडून द्यायला मीच सांगितलं होतं. आम्ही मोजलं. फोन नसलेली एकोणतीस माणसं मी यादीतून काढून टाकली होती, आणि मला पत्ताही नव्हता. डॉक्टर पुढच्या गुरुवारी येणार होते. म्हणजे आठ दिवस.

मी माफी मागायला तोंड उघडलं. "ते मागून," ताई म्हणाल्या. "आधी गावं सांग." मी गावं वाचत गेलो आणि त्या लिहीत गेल्या. त्या एक शब्द रागाचा बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

संस्थेच्या समन्वयकाला फोन लावला. तो वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. म्हणाला, "ताई, फोन नाही तर कळवायचं कसं? आठ दिवसांत गावोगाव माणूस कुठून पाठवू? त्यांना पुढच्या वर्षी घेऊ."

"पुढच्या वर्षी तो डोया राह्यला पायजे न भाऊ. मोतीबिंदू पिकून फुटल्यावर काय घेता?" मग म्हणाल्या, "तुम्ही फक्त जागा धरून ठेवा. सांगाचं काम आम्ही करतो."

साहेब म्हणाले, मग काय ऑफिसला कुलूप लावू? पाच मिनिटांनी स्वतःचं हेल्मेट आणून त्यांनी ताईंपुढं ठेवलं. ते ताईंना इतकं मोठं झालं की रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला ते नाकावर यायचं आणि माझ्या मागून आवाज यायचा, "हळू रे, मले काही दिसून नाही राह्यलं."

चार दिवस आम्ही हिंडलो. लांबची गावं एसटीनं, आडवाटेची माझ्या मोटरसायकलवर. मी यादीतली नावं म्हणत होतो, ताई माणसं शोधत होत्या, आणि या दोन कामांत किती फरक आहे ते मला तेव्हा कळलं. देऊळगाव राजाचे एक आजोबा दोन फेऱ्या मारूनही घरी सापडेनात. शेजारीण म्हणाली, ते घरी फक्त झोपायला येतात. बालाजीच्या देवळाशी गेलो तर पायरीवर बसून समोरच्या बाईकडून कोण आलं, कोण गेलं ते ऐकत होते. एका गावात ज्याच्यापाशी फोन नाही म्हणून लिहिलं होतं त्याच्या खिशात दोन फोन निघाले. आणि एका घरी कळलं की म्हातारे उन्हाळ्यातच गेले. आमची पुढं पाच गावं राहिली होती. तरी ताई त्या घरच्या बाईपाशी वीस मिनिटं बसल्या, काळा चहा घेतला, म्हाताऱ्याला शेवटी किती दिसत होतं ते विचारलं. बाहेर आल्यावर मी त्या नावावर काट मारायला पेन काढलं. ताई म्हणाल्या, "खोडू नको. गेले म्हनून लिव."

सुलतानपूरला पोचलो तो शेवटचा दिवस. कौतिकाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, नजर समोरच्या भिंतीवर आणि बोटं आपोआप चाललेली. पहिल्या वर्षी त्यांचा डावा डोळा झाला होता, पण आतला पडदाच खराब निघाल्यामुळं त्याचा उपयोग झाला नव्हता. उजव्या डोळ्यानं त्यांना ऊन आहे की सावली एवढंच कळायचं. म्हणजे जे काही होतं ते त्या उजव्यावर होतं. गावातल्या ज्यांच्याकडं फोन होते त्यांना संस्थेचे फोन येऊन गेले होते. शेजारच्या घरी फोन आलेला कौतिकाबाईंनी ऐकला होता. सून म्हणाली, तेव्हापासून त्या रोज विचारतात, माह्यं नाव काऊन नाही आलं?

ताई त्यांच्याजवळ खाली बसल्या आणि जवळचा कागद वाचून दाखवू लागल्या, कोर्टासमोर वाचत असतील तसा. गाव, नाव, उजवा डोळा, गुरुवार, सकाळी आठ, उपाशीपोटी यायचं. मग विचारलं, "कळलं काय आई? काही चूक आहे काय यात?"

"चूक नाही वो." म्हातारीनं शेंगांचे हात पदराला पुसले आणि ताईंचा हात चाचपून धरला. "कोनाची वो तू?"

"बुलढान्याहून आली. बसस्टँडपाशी, सायकलच्या दुकानावर आमचं हापिस आहे. तुमचं नाव आमच्याकडून मागं राह्यलं होतं, ते सांगाले आली."

आमच्याकडून. मी दारात उभा होतो. ताईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चूक माझी होती, त्या तेव्हा भाचीच्या लग्नात वरातीला पाणी वाटत होत्या, आणि हे मी तिथं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी गाडीच्या चाकातली हवा बघत राहिलो. आजवर मला ज्या गोष्टींची लाज वाटते त्यांत ही पहिली आहे.

गुरुवार गेला, आठवडा गेला, आणि संस्थेकडून झालेल्या ऑपरेशनांची यादी आली. एकोणतीसपैकी बावीस जण पोचले होते. ताईंनी यादीवरून बोट फिरवलं, एका ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "आली रे कौतिकाबाई." मग उठून तोंड धुवून आल्या.

त्या संध्याकाळी मी माफी मागितली. मागून म्हणाल्या होत्या, ती वेळ आली असं मला वाटलं. ताई स्वेटरची बटणं लावत होत्या. "हे पाय बापू," त्या म्हणाल्या, "मीबी एकदा एका बाईचं प्रतिज्ञापत्र न वाचता देल्लं होतं. पावसाची घाई होती. तिच्या नवऱ्याचं नाव चुकलं, अन् तिले दोन वर्षं हेलपाटे पडले. तवापासून वाचतो मी. तू आतापासून वाच." आणि जिना उतरून गेल्या. मी बसलो, उरलेल्यांची फाइल पुन्हा चालू केली आणि त्या दिवशी त्यात ज्या सात ओळी होत्या त्या मोठ्यानं वाचल्या. रिकाम्या ऑफिसात आपलाच आवाज ऐकून जरा वेड्यासारखं वाटलं.

त्याच थंडीत ताई गेल्या. रविवारी सकाळी विहारातल्या मुलींना टायपिंग शिकवत होत्या, छातीत दुखलं म्हणून बाकावर बसल्या, आणि तिथंच गेल्या. मी पोचलो तेव्हा त्या मुली भिंतीला टेकून रांगेत उभ्या होत्या. कोणी त्यांना घरी जा म्हणून सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. सोमवारी साहेबांनी ऑफिस उघडलं आणि आम्ही दोघं दिवसभर एकमेकांशी गरजेपुरतं बोललो. खालच्या सायकलवाल्यानं संध्याकाळी वर येऊन विचारलं, आज आवाज नाही ऐकला ताईंचा. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. ते सांगणं मला सगळ्यांत जड गेलं.

गहू काढणीला आले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी जिन्यात पावलं वाजली. एक म्हातारी कठडा धरून एकेक पायरी चढून आली, मागून सून. मी ओळखलं नाही. ओसरीवर पाहिलेली बाई भिंतीकडं तोंड करून बसलेली होती आणि ही दारात उभी राहून आमच्या ऑफिसातली एकेक वस्तू बघत होती. पंखा, कॅलेंडर, संगणक, मी.

"इथं ते बाई बसते न? मोठ्या आवाजाची?" म्हातारी म्हणाली. "सुलतानपूरले आलती. सायकलच्या दुकानावर म्हने."

"बसा ना आजी," मी खुर्ची पुढं केली.

"बसतो. पन तिले बोलाव. सुनीचं कोर्टात काम होतं, म्हनलं जाताजाता तिचं तोंड पाहून जाऊ. तवा मले दिसत नव्हतं न वो काही."

साहेब उठून आतल्या खोलीत गेले. सांगायचं काम माझ्यावर आलं. गावाला गेल्यात म्हणावं, असं एक क्षण वाटलं. म्हातारीनं मान हलवली असती, निरोप ठेवला असता आणि पुढच्या वेळी पुन्हा जिना चढली असती.

"आजी, ताई गेल्या," मी म्हणालो. "दोन महिने झाले. चुकीनं तुमचं नाव मागं ठेवलं ते म्या ठेवलं होतं, त्याहिनं नाही. तेबी सांगाचं राह्यलं होतं."

सुनेनं पाण्याचा पेला दिला, तो म्हातारीनं हातात धरून ठेवला. खाली रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला. मग ती म्हणाली, "फोटो असंन न?"

फोनमध्ये एकच होता. साहेबांच्या वाढदिवसाला केक वाकडा कापला म्हणून ताई त्यांच्यावर ओरडत होत्या, तेवढ्यात मी काढलेला. तोंड उघडं, हातात सुरी, एक बट कपाळावर आलेली. मी तो मोठा करून म्हातारीच्या हातात दिला. तिनं तो आधी जवळ धरला, मग लांब, मग डोक्यावरचा पदर मागं सारून खिडकीकडं वळून पाहिला.

"बारीक हाये वो," ती म्हणाली. "आवाजावरून मले वाटलं, चांगली धिप्पाड असंन."

पडदा विझला. "दिसून नाही राह्यलं," म्हणत तिनं फोन माझ्याकडं केला. मी लावून दिला. पुन्हा विझला, पुन्हा लावून दिला. तिसऱ्या वेळी मी फोन तिच्याच हातात राहू दिला आणि तो विझू नये म्हणून कोपऱ्यावर बोट टेकवून उभा राहिलो. एसटी निघून गेली. सुनेनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ती बाकावर बसली. म्हातारी बघत होती. तिचं बघून होईपर्यंत मी बोट काढलं नाही.